पुण्यातून मुक्ताईनगरच्या संगणकात

मुक्ताईनगर तालुक्यातली कितीतरी मुलं इंजिनिअर होऊन पुण्याला, नाशकाला, सुरतेला गेली आहेत. गावाकडून त्यांना येणाऱ्या फोनांमध्ये हल्ली एक विषय ठरलेला असतो. शाळेतला संगणक, काकांच्या झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन, नाहीतर सोसायटीच्या कार्यालयातला प्रिंटर. "भाऊ, काहीतरी अडकलंय, जरा बघ ना." पुण्याहून मुक्ताईनगर चारशे किलोमीटरहून लांब. मग फोनवरच 'आता पडद्यावर काय दिसतं' असं विचारत विचारत दुरुस्ती करायची, नाहीतर पुढच्या सुट्टीची वाट बघायची.

याहून चांगला रस्ता आहे. बाहेरच्या ओळखीच्या संगणकाने हाक मारली तर त्याची ओळख पटवून त्याला आत घ्यायचं, अशी तयारी गावच्या संगणकाचीच करून ठेवायची. ही तयारी स्क्रिप्ट लिहून कशी करून घ्यावी आणि त्या स्क्रिप्टमधली कोणती पायरी आधी, कोणती नंतर आणि का, हे इथे सांगतो. उदाहरणासाठी कुऱ्ह्याच्या किंवा अंतुर्लीच्या एखाद्या शाळेची संगणक खोली डोळ्यांसमोर ठेवू. दहा मशीन आहेत, त्यांवर उबुंटू किंवा डेबियन लिनक्स आहे, असं धरू. आज्ञा अक्षर न् अक्षर देत नाही, कारण त्या प्रत्येक मशीनवरच्या माहितीपुस्तिकेत असतात. बहुतेकांचं गाडं अडतं ते क्रमापाशी.

समोरच्याचा पडदा दाखवणारी अ‍ॅप्स अनेकांनी वापरली असतील. त्यांत तिकडच्या पडद्याचं चित्र सतत इकडे येत राहतं, त्याला नेट बऱ्यापैकी लागतं, आणि बहुधा तिकडे कुणीतरी बसून परवानगीचं बटण दाबावं लागतं. आपण बोलतोय ती पद्धत नुसत्या अक्षरांची आहे. पुण्यात टाइप केलेली ओळ तिकडे जाते, तिकडचं उत्तर अक्षरांतच परत येतं. टॉवरची एकच काडी दिसत असली तरी काम होतं. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये सुरू झालेला परम ब्रह्म हा महासंगणकही संशोधक असाच वापरतात. आपल्या टेबलावरून लॉगिन करतात, काम सोपवतात, उत्तर घेऊन जातात. यंत्राच्या खोलीत जायची गरज पडत नाही. महासंगणकात शिरायला जी पद्धत लागते तीच अंतुर्लीच्या शाळेतल्या जुन्या मशीनलाही चालते. तिचं नाव एसएसएच.

एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तयार झालं. त्याआधी दूरच्या यंत्रात शिरायला टेलनेट वापरत, आणि त्यात पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जायचा. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून ऐकणारा प्रोग्राम बसवून पासवर्ड गोळा केले. तेव्हा तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी सगळं संभाषण गुप्त लिपीत नेणारा प्रोग्राम लिहिला. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट क्रमांक २१ होता, टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता, तो युलोनेन यांनी मागून घेतला. आज जवळजवळ सगळीकडे चालतो तो ओपनएसएसएच हा मुक्त प्रोग्राम मात्र ओपनबीएसडी या गटाचा, १९९९ सालचा.

जोडणी होताना आत काय घडतं ते समजलं की स्क्रिप्टमधल्या निम्म्या पायऱ्या आपोआप उलगडतात. आधी दोन्ही संगणक एक गुप्त आकडा ठरवतात. गंमत अशी की हा आकडा तारेवरून कधीच जात नाही. दोघं काही आकडे उघडपणे एकमेकांना देतात, प्रत्येक जण त्यात स्वतःजवळचा लपवलेला आकडा मिसळून गणित करतो आणि दोघांना एकच उत्तर मिळतं. वाटेत ऐकणाऱ्याला ते काढता येत नाही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये हे मांडलं. पुढचं सगळं बोलणं या आकड्याच्या आधारे गुप्त होतं.

मग शाळेतलं मशीन आपली ओळख पटवतं. प्रत्येक मशीनपाशी स्वतःची एक जोडकिल्ली असते. तिचा खासगी भाग मशीन सोडत नाही, सार्वजनिक भाग कुणालाही दाखवता येतो. या सार्वजनिक भागावरून अक्षरांची एक छोटी ओळ निघते, तिला मशीनचा ठसा म्हणू. पहिल्यांदा जोडताना पुण्यातला लॅपटॉप हा ठसा दाखवून विचारतो, याच मशीनशी बोलायचंय ना? बहुतेक जण न वाचता होय म्हणतात. खरं तर शाळेत असतानाच तो ठसा कागदावर उतरवून घ्यावा आणि पुण्यात ताडून बघावा. त्या एका क्षणी ताडलं की पुढे लॅपटॉप ठसा लक्षात ठेवतो आणि बदलला तर ओरडून सांगतो.

शेवटी माणसाची ओळख. इथे पासवर्डही चालतो, पण मी तो बंद करण्याच्या ठाम मताचा आहे. इंटरनेटवर उघडा असलेला २२ क्रमांक शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात आणि सापडला की ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून बघतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीच न बदललेले कॅमेरे आणि राउटर असेच टेलनेटवरून ताब्यात घेतले आणि त्यांच्या फौजेने त्या ऑक्टोबरमध्ये अनेक मोठी संकेतस्थळं काही तास बंद पाडली. राउटरमागे बसलेल्या शाळेच्या मशीनलाही पासवर्ड बंद करण्याचा हाच नियम लावावा, कारण राउटरची सेटिंग उद्या कोण बदलेल ते सांगता येत नाही. पासवर्डऐवजी पुण्यातल्या माणसाने आपल्या लॅपटॉपवर स्वतःची जोडकिल्ली बनवायची. खासगी भाग लॅपटॉपमध्येच, सांकेतिक वाक्याने बंद करून ठेवायचा. सार्वजनिक भाग एका ओळीत मावतो, तो शाळेच्या मशीनवर ठेवायचा. लॉगिन करताना लॅपटॉप खासगी किल्लीने सही करतो, मशीन सार्वजनिक किल्लीने सही तपासतं. ओळखून काढण्यासारखा पासवर्डच उरत नाही.

हे सगळं हाताने करता येतं. पण दहा मशीनवर हाताने केलं की दहा प्रकार होतात. एकावर एक ओळ राहते, दुसऱ्यावर पासवर्ड चालूच राहतो, आणि सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की कोणत्यावर काय केलं होतं. स्क्रिप्टमध्ये केलेलं काम वाचता येतं, दुसऱ्याला दाखवता येतं, सरांच्या पुढच्या शंकेला उत्तर म्हणून उघडता येतं. मात्र तिला दोन सवयी लावाव्या लागतात. एक, कोणतीही पायरी फसली की तिथेच थांबायचं. नाहीतर किल्ली ठेवायची पायरी फसते, पासवर्ड बंद करायची पायरी पार पडते आणि मशीनमध्ये बाहेरून कुणालाच शिरता येत नाही. दुसरी, कितीही वेळा चालवली तरी निकाल तोच यायला हवा. फाइलीच्या शेवटी ओळ जोडण्याआधी ती आधीच आहे का ते बघायचं, खातं असेल तर नव्याने बनवायचं नाही. एवढी काळजी घेतली की स्क्रिप्ट तपासणीसाठीही वापरता येते.

आता क्रम. सुरुवात खात्यापासून. शिक्षकांच्या खात्यातून शिरू नये, त्यांच्या फाइली त्यांच्या असतात. देखभालीसाठी वेगळं खातं काढावं. या खात्याला प्रशासकाचे अधिकार लागतात, म्हणून त्याला पासवर्डही द्यावा. तो आत शिरल्यावर अधिकार मागताना लागेल, बाहेरून शिरताना चालणार नाही. हा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नये. स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरते. चालवताना तिने तो विचारावा.

मग त्या खात्याच्या घरफोल्डरमध्ये सार्वजनिक किल्लीची ओळ ठेवायची. सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, कारण सगळं बरोबर दिसतं आणि लॉगिन मात्र होत नाही. स्क्रिप्ट चालते मुख्य प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या नावाने, त्यामुळे तिने बनवलेलं फोल्डर आणि फाइलही रूटच्याच मालकीची होते. एसएसएच मात्र ती फाइल त्या खात्याच्या नावाने वाचायला जातं, आणि परवानगी फक्त रूटपुरती असेल तर वाचता येत नाही म्हणून गप्प राहतं. म्हणून मालकी खात्याच्या नावावर करायची, फोल्डरची परवानगी ७०० आणि फाइलची ६०० ठेवायची. घरफोल्डरमध्ये इतरांना लिहिता येत असेल तरीही एसएसएच किल्ली नाकारतं, कारण तसं असेल तर दुसरा कुणीही तिथे स्वतःची किल्ली सरकवू शकतो. पुण्यातल्या माणसाला दिसतं फक्त 'परवानगी नाही'. खरं कारण शाळेच्या मशीनवरच्या नोंदींत असतं.

पुढची पायरी नियमांची आहे, प्रोग्राम बसवण्याची अजून नाही. डेबियन आणि उबुंटूवर एसएसएच सर्व्हर बसवला की तो लगेच चालू होतो, आणि तेव्हा पासवर्डने लॉगिन चालू असतं. आधी बसवून मग नियम घट्ट करायचे म्हटलं तर मधला वेळ मशीन उघडं राहतं, आणि स्क्रिप्ट नेमकी तेव्हा नेट गेल्यामुळे थांबली तर उघडंच राहून जातं. म्हणून नियमांची फाइल आधी जागेवर ठेवायची: रूटला थेट लॉगिन नाही, पासवर्डने लॉगिन नाही, प्रश्नोत्तराच्या मार्गाने मागून येणारा पासवर्डही नाही, आणि आत येण्याची परवानगी फक्त देखभालीच्या खात्याला.

या फाइलीचं नाव काय ठेवावं यातही एक खाच आहे. अनेक प्रोग्राममध्ये नंतरची ओळ आधीच्या ओळीवर मात करते. एसएसएचमध्ये उलट, जी ओळ पहिल्यांदा भेटते तीच लागू होते. नव्या आवृत्त्यांत मुख्य फाइल सुरुवातीलाच एका फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचते. तिथे कधी कधी आधीपासून ५० क्रमांकाची एखादी फाइल बसलेली असते आणि तिने पासवर्ड चालू ठेवलेला असू शकतो. आपण आपली फाइल ९९ क्रमांकाने ठेवली तर आपला नियम वाचला जातो, पण लागू होत नाही. नाव ०० ने सुरू करायचं. तरीही विश्वास ठेवू नये. शेवटी स्क्रिप्टने सर्व्हर प्रोग्रामलाच विचारावं की तुझ्या लेखी आत्ता लागू असलेले नियम कोणते. त्यासाठी मोठ्या टीचा पर्याय आहे. उत्तरात पासवर्डपुढे 'नो' नसेल तर स्क्रिप्टने मोठ्याने तक्रार करून थांबावं. लहान टीचा पर्याय फाइलीतलं व्याकरण तपासतो. आधीपासून एसएसएच चालू असलेल्या मशीनवर नियम बदलले की नव्याने लागू करण्याआधी तो चालवावा.

यानंतर प्रोग्राम बसवायचा. मग फायरवॉल: आधी एसएसएचला वाट द्यायची, नंतर फायरवॉल चालू करायची. दुरून काम करताना हे उलटं झालं तर आपण बसलोय तीच फांदी कापली जाते. याच कारणाने नियम बदलताना एक लॉगिन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून बघावं. नियम नव्याने लागू केले तरी चालू असलेलं लॉगिन तुटत नाही, त्यामुळे चूक झाली तर ती दुरुस्त करायला आत कुणीतरी असतं.

शाळांमध्ये एक मशीन नीट तयार करून त्याच्या डिस्कची नक्कल बाकी नऊ मशीनवर उतरवतात. पद्धत चांगली आहे, पण नकलेबरोबर मशीनची जोडकिल्लीही उतरते. दहाही मशीनचा ठसा एकच होतो, आणि एका मशीनची खासगी किल्ली कुणाच्या हाती लागली तर तो बाकी नऊ मशीनचं सोंग घेऊ शकतो. म्हणून नक्कल उतरवल्यावर स्क्रिप्टने एकदाच जुन्या किल्ल्या पुसून प्रत्येक मशीनवर नव्या बनवाव्यात आणि नवा ठसा पडद्यावर छापावा. तो वहीत मशीनच्या क्रमांकापुढे लिहायचा.

इथपर्यंतचं सगळं शाळेच्या खोलीत, एका मशीनवरून दुसऱ्यावर, छान चालतं. पुण्यातून मात्र हाक पोचतच नाही. गावात नेट येतं ते बहुधा मोबाइलच्या सिमवरून किंवा घरगुती फायबरवरून, आणि कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. यासाठी २०१२ मध्ये पत्त्यांचा एक पट्टा राखून ठेवला गेला. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर आपण त्या पट्ट्यात आहोत असं समजावं. मग राउटरमध्ये पोर्ट उघडून काही उपयोग नाही, वरचा दरवाजा कंपनीच्या ताब्यात असतो.

उपाय असा की शाळेच्या मशीननेच बाहेर हाक मारावी. केळीच्या फळपीक विम्यामुळे तालुक्यातल्या शेतकऱ्यांना महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र चांगलं माहीत आहे. त्याच्या तापमानाच्या नोंदीवर भरपाई ठरते. असं केंद्र आपली नोंद सिममधून स्वतःच मध्यवर्ती सर्व्हरला पाठवतं, त्याला विचारायला बाहेरून कुणी जावं लागत नाही. तसंच इथे करायचं. भाड्याने घेतलेला एक छोटा सर्व्हर, ज्याला कायमचा पत्ता आहे. शाळेतलं एक मशीन त्याच्याशी एसएसएचने जोडून राहतं आणि सांगतं की तुझ्या अमुक पोर्टवर कुणी आलं तर त्याला याच जोडणीतून माझ्याकडे पाठव. याला उलटा बोगदा म्हणतात. पुण्यातला लॅपटॉप सर्व्हरवर जातो, बोगद्यातून शाळेच्या मशीनमध्ये, आणि तिथून खोलीतल्या बाकी नऊ मशीनमध्ये. दहा बोगदे लागत नाहीत.

हा बोगदा टिकवणं हेच खरं काम. तो सिस्टिम-सेवा म्हणून नोंदवावा, म्हणजे तुटला की मशीन स्वतः पुन्हा जोडेल. दर ३० सेकंदांनी 'आहेस का' असं विचारायला सांगावं आणि तीन वेळा उत्तर नाही आलं की जोडणी मेली असं धरायला सांगावं. नाहीतर मोबाइल नेटवर्कवर मेलेली जोडणी तासन् तास जिवंत दिसते. सर्व्हरनेही उलट बाजूने असंच विचारावं, कारण जुनी मेलेली जोडणी पोर्ट अडवून बसली तर नव्या जोडणीला ते मिळत नाही. आणि पोर्ट मिळालं नाही तर जोडणी सोडून दे, असंही शाळेच्या मशीनला सांगावं लागतं. हे राहिलं तर सेवा 'चालू' दाखवते, बोगदा मात्र नसतो, आणि कारण शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

बोगद्याच्या किल्लीला सांकेतिक वाक्य ठेवता येत नाही, कारण पहाटे वीज आल्यावर ते टाइप करायला शाळेत कोण असणार? म्हणून तिचे हात बांधून ठेवायचे. सर्व्हरवर त्या किल्लीच्या ओळीच्या सुरुवातीला लिहिता येतं की हिला आज्ञा चालवता येणार नाहीत, फक्त हे एक पोर्ट उघडता येईल. शाळेतून ते मशीन चोरीला गेलं तरी चोराच्या हाती त्याहून जास्त काही लागत नाही.

वीज आणि ऊन यांचा विचार खानदेशात वेगळा करावाच लागतो. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वीज कधी जाईल, कधी येईल याचा नेम नसतो. मशीनच्या बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप सुरू हो' ही सेटिंग असते. स्क्रिप्टचा हात तिथवर पोचत नाही, ती प्रत्यक्ष जाऊनच करावी लागते. मशीनचं झोपणं मात्र स्क्रिप्टने बंद करता येतं, आणि करावंच. काही डेस्कटॉप आवृत्त्या कुणी लॉगिन केलेलं नसताना थोड्या वेळाने झोपी जातात, आणि झोपलेल्या संगणकाला हाक ऐकू येत नाही. वायफायचा पासवर्ड एकाच वापरकर्त्याच्या नावाने साठवलेला असेल तर तो माणूस लॉगिन करेपर्यंत मशीन नेटवर येत नाही. बोगद्याचं मशीन तारेनेच राउटरला जोडलेलं बरं.

शाळेत विंडोज असेल तरी वाट बंद नाही. २०१८ पासून विंडोज १० मध्येही ओपनएसएसएच सर्व्हर जोडता येतो आणि पॉवरशेलच्या काही ओळींत हीच कामं होतात. तिथली अडचण एवढीच की प्रशासक खात्याच्या किल्ल्या त्या खात्याच्या फोल्डरमधून वाचल्या जात नाहीत, सगळ्या प्रशासकांसाठी एकच वेगळी फाइल असते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तर एसएसएच नोव्हेंबर २०१६ पासून मुळात बंदच येतं, आपण मागितल्याशिवाय चालू होत नाही. मला ही सावधगिरी योग्य वाटते.

स्क्रिप्टमध्ये सुरक्षेचे अपडेट आपोआप बसण्याची सोयही घालावी, आणि मशीनवर स्थिर आवृत्तीच ठेवावी. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, त्याने माग काढला तेव्हा एक्सझेड नावाच्या, फाइली आवळणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये कुणीतरी मुद्दाम दडवलेली चोरवाट सापडली. ती तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचली होती. स्थिर डेबियन वापरणारे वाचले.

एक गोष्ट कोणत्याही आज्ञेच्या आधीची आहे. मशीन शाळेचं आहे, म्हणून मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं कलम ४३ मध्ये येतं, आणि अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हेतू चांगला होता हे नंतर सांगत बसण्यापेक्षा आधीचा कागद बरा. बाहेरून कोण, कशासाठी येऊ शकतं हे संगणक शिकवणाऱ्या सरांना, मॅडमना आणि खोलीत बसणाऱ्या मुलांनाही सांगावं. लॉगिनच्या सगळ्या नोंदी मशीनवर राहतात, त्या कशा वाचायच्या तेही त्यांना दाखवून ठेवावं.

सगळं झालं की शाळेतून निघण्याआधी मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू करावं, कुणीही कीबोर्डला हात लावू नये, आणि मोबाइलच्या नेटवरून, म्हणजे शाळेच्या वायफायच्या बाहेरून, आपल्या लॅपटॉपने लॉगिन करून बघावं. पाच-दहा मिनिटांत आत शिरता आलं आणि वहीतला ठसा जुळला तरच गाडी धरावी. आणि ज्यांच्या किल्ल्या ठेवल्या आहेत त्यांची यादी स्क्रिप्टच्याच वरच्या भागात नावानिशी असावी. किल्ल्यांची फाइल स्क्रिप्टने दर वेळी या यादीवरून संपूर्ण नव्याने लिहावी. मग एखाद्याने हे काम सोडलं की त्याची एक ओळ खोडायची आणि स्क्रिप्ट दहाही मशीनवर पुन्हा चालवायची.